दाजींचा चेनवाला

आमच्या दाजींच्या हातात देवानं प्रत्यक्ष सुदर्शन चक्र दिलं असतं, तरी त्यांनी ते कुणावर सोडलं नसतं. आधी उघडून आतलं बेअरिंग बघितलं असतं, "ग्रीस कमी पडून राहिलं" म्हणाले असते, आणि मग ते चक्र सुटे भाग होऊन आमच्या अक्काच्या माळवदावर वर्षानुवर्षं पडून राहिलं असतं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. कुरुंद्याच्या अलीकडं त्यांचं गाव. काळीभोर जमीन, हळद, कापूस, दावणीला बैल, सगळं ठीकठाक. स्थळ बघून आलेल्या आमच्या वडिलांनी "पोरगा हुशार आहे, हातानं सारखं काहीतरी करत असतो" असा अहवाल दिला होता. ते काहीतरी म्हणजे काय, हे मात्र कुणी विचारलं नाही. वडील तिथं चहा पीत असतानाच दाजींनी त्यांच्या मनगटावरचं घड्याळ "मागं पडतंय का जरा" म्हणत मागून घेतलं होतं. ते लग्नात परत मिळालं. तेव्हा ते पुढं पडत होतं.

त्यांच्या खिशात चिल्लर आणि नटबोल्ट एका घरात नांदावेत तसे नांदायचे. एकदा आम्ही नरसीला दर्शनाला गेलो, तेव्हा दाजींनी आरतीच्या ताटात मूठभर चिल्लर टाकली आणि पायऱ्या उतरल्यावर खिसा चाचपून एकदम माघारी फिरले. मला वाटलं, काही नवस राहिला असेल. ते ताटातून एक नट उचलून, त्याच्या जागी रुपया ठेवून आले. "बारीक आट्याचा हाय, गुरुजी. वसमतला भेटत न्हाई," म्हणाले. मी शाळेत भूगोल शिकवतो म्हणून ते मला गुरुजी म्हणत. त्या म्हणण्यात आदर किती आणि चेष्टा किती, याचा हिशेब मी कधी केला नाही. माझ्या लग्नात, गोरज मुहूर्तावर, सगळे अक्षता घेऊन उभे असताना दाजी मांडवामागं जनरेटरला कान लावून उभे होते. "याचा एक दम कमी पडून राहिला," असं त्यांनी शेजाऱ्याला सांगितलं आणि थोड्याच वेळात दिवे गेले. दम कमी होता म्हणून गेले की दाजींनी हात लावला म्हणून गेले, यावर आमच्या दोन घराण्यांत अजून एकमत नाही. माझ्या गळ्यात माळ अंधारात पडली. बायको आजही भांडण रंगलं की म्हणते, "तेव्हा उजेड असता तर."

पण रेडिओ, घड्याळ, पाण्याची मोटर ही सगळी तालीम होती. दाजींच्या मनात खरं एकच यंत्र होतं, आणि ते त्यांच्या जन्माच्या आधीच गावात येऊन गेलं होतं. त्याची कथा अशी. त्या भागातल्या काळ्या रानात कुंदा नावाचं गवत माजायचं. वरून कापा, खालून हसतं. मुळं अशी खोल की बैलांचा नांगर त्यांच्यावरून नुसता हात फिरवून जायचा. मग सरकारनं कुंदा मोडायला चेनचे ट्रॅक्टर पाठवले. त्यांना चाकांऐवजी रणगाड्यासारखे लोखंडी पट्टे, आणि मागं माणसाच्या कमरेएवढा नांगर. गावातली रानं एकामागून एक उलथत तो ट्रॅक्टर दाजींच्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, खालच्या वावराच्या बांधावर आला, तो दिवस नेमका अवसेचा निघाला. आमच्याकडं अमावस्येला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्या दिवशी बैलाला सुट्टी. तरणेताठे आबा बांधावर आडवे उभे राहिले. ड्रायव्हर परमुलखातला. तो म्हणाला, "चाचा, ये बैल थोडी है." आबा लांबूनच म्हणाले, "वढतंय म्हंजे बैलच. उद्या या." ड्रायव्हरनं खांदे उडवले, ट्रॅक्टर वळवला आणि पुढच्या गावाला गेला. तो उद्या काही उजाडला नाही.

सगळ्या शिवारातला कुंदा गेला, आबांच्या खालच्या वावरातला राहिला. गावानं त्या तुकड्याला 'अवसेचं वावर' असं नाव ठेवलं आणि दाजी शाळेत जायला लागले तेव्हा पोरांनी ते नाव दाजींनाही लावलं. आबांनी आपलं चुकलं असं कधी म्हटलं नाही. फक्त उन्हाळा लागला की ते कुदळ घेऊन खाली जायचे आणि अंधार पडेपर्यंत खणत राहायचे. पावसाळ्यात कुंदा पुन्हा वर. पुढं आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, कुदळ सुटली, तरी उन्हाळ्यात बांधावर जाऊन बसणं सुटलं नाही. दाजी एकदाच मला म्हणाले होते, "आबा हायेत तवर त्या वावरात चेनवाला घालायचा, गुरुजी. रबरी चाकाचा न्हाई. तसलाच." त्यांच्या तोंडात तेव्हा दोन खिळे होते, म्हणून मला ते नीट ऐकू आलं नाही असं मी दाखवलं.

नव्वद सालानंतर केव्हातरी वसमतच्या बाहेर एका बंद पडलेल्या, सरकी काढायच्या जिनिंगच्या आवारात दाजींना तसला ट्रॅक्टर सापडला. सापडला म्हणजे आधी त्यांना एक बाभळ दिसली, आणि बाभळीच्या पोटात ट्रॅक्टर दिसला. सीटच्या बाजूनं झाड उगवून वर गेलेलं, पट्टे मातीत रुतलेले, मागचा नांगर गवतात झोपलेला. जिनिंगचा मालक म्हणाला, "घेऊन जा, जागा तरी मोकळी होईल, बदल्यात ती फटफटी ठेवा." ती फटफटी आमच्या वडिलांनी लग्नात दिलेली होती. दाजी वसमतला फटफटीवर गेले आणि संध्याकाळी एसटीनं परत आले, तेव्हा अक्कानं विचारलं, "गाडी कुठं हाय?" दाजी म्हणाले, "तिच्यापेक्षा मोठी घेतली." अक्का बिचारी दारात जीप उभी आहे का बघून आली.

बाभळ तोडायला दाजी कुऱ्हाड घेऊन गेले, तर फांदीत होल्याचं घरटं. "बाळंतीण असल्यावर कुऱ्हाड चालवत न्हाईत," म्हणून पिलं उडेपर्यंत काम बंद. त्यानंतर कित्येक वर्षं, रानातलं काम उरकलं की दाजी वसमतला. सुट्टीत मी बहिणीकडं म्हणून जायचो आणि जिनिंगच्या आवारात सापडायचो. माझ्याकडं एकच खातं होतं, पाना धरण्याचं. दाजी हात मागं करायचे, मी त्यात पाना ठेवायचो, तो नेहमी चुकीचा असायचा, आणि ते न बघता परत द्यायचे. पट्ट्याच्या कड्या गंजून एकजीव झाल्या होत्या. त्या जळक्या ऑइलात उकळल्या पाहिजेत, असं दाजींच्या मनानं घेतलं आणि त्याला लागणारं एवढं मोठं भांडं आख्ख्या घरात एकच होतं. ते म्हणजे हळद शिजवायची कढई. अक्का माहेरी, म्हणजे आमच्याकडं, आलेली असताना त्यांनी ती नेली, कड्या उकळल्या, कढई राखेनं तीनतीनदा घासून जागेवर ठेवली. त्या वर्षी हळद शिजवली तेव्हा वास लगेच कुणाला आला नाही. तो संक्रांतीला आला. अक्काच्या हळदीकुंकवाला आलेल्या बाया कपाळाला हात लावून हुंगायला लागल्या. "माझ्या घरची सवाष्ण स्टँडवरून आल्यासारखी वास मारती," असं अक्का मला म्हणाली. दाजींशी ती मकर ओलांडून कुंभेपर्यंत बोलली नाही.

त्या ट्रॅक्टरची तऱ्हा अशी, की मोठं इंजिन चालू करायला शेजारी एक छोटं पेट्रोलचं इंजिन होतं. आधी दोरी ओढून ते चालू करायचं, मग ते मोठ्याला जागं करणार. दाजी म्हणायचे, "लेकरू रडल्याबिगर माय उठत न्हाई." पण लेकरू भारी हट्टी. कधी पहिल्या दोरीला, कधी दिवस गेला तरी नाही. दोन हजार साल उलटून गेल्यावर एका उन्हाळ्यात ते रडलं आणि माय उठली. जिनिंगच्या पत्र्यावरचे कावळे उडाले, काळ्या धुराचा लोट बाभळीच्या खुंटावरून गेला. दाजी सीटवर जाऊन बसले आणि बसूनच राहिले. मी ओरडून विचारलं, "आता?" ते म्हणाले, "आता काय. बसू द्या जरा."

आता प्रश्न घरी नेण्याचा. मोटारीला पाऊण तास लागणार नाही एवढं अंतर, पण रस्ता नवा डांबरी झालेला. लोखंडी पट्टे त्यावरून गेले असते तर रस्त्याची चटणी झाली असती. ट्रकवाले तर ट्रॅक्टर बघूनच रामराम करून जायचे. "मग रानातून नेऊ," दाजी म्हणाले. "तो रानातलाच गडी हाय." चैत्र संपत आलेला, वावरं रिकामी. एकाच्या वावरातून दुसऱ्याच्या वावरात, असं घरापर्यंत जायचं. रस्ता आडवा आला तर जुने टायर अंथरून वरून न्यायचं. वाट दाखवायला पुढं मी, लाल उपरणं हलवत. भूगोलाचा माणूस म्हणून हे काम माझ्याकडं आलं, आणि पहिल्याच सकाळी मी सगळ्या लवाजम्याला अशा ठिकाणी नेलं, की पुढं कालवा आणि मागं आम्हीच. दाजी फक्त एवढंच म्हणाले, "गुरुजी, पोरं पास तरी होतात का तुमची?"

दुसऱ्याच्या रानातून जायचं तर त्याची परवानगी हवी. पहिला शेतकरी म्हणाला, "जा की. पर कोपऱ्यात कुंदा हाय, येवढा एक तास मारून द्या." एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ. दाजींना नाही म्हणवेना. त्यांनी कोपरा उलथून दिला. ती बातमी आमच्यापुढं धावली. मग प्रत्येक बांधावर माणूस उभा, हातात भाकरीचं फडकं आणि बोट कुंद्याकडं. सकाळी एक वावर, दुपारी जेवण, संध्याकाळी दुसरं वावर. एका लमाण तांड्यावर बायांनी पट्ट्यावर पाणी घातलं, इंजिनाला कुंकू लावलं, आणि तिथला म्हातारा नाईक खाटेवरून आम्हाला बराच वेळ न्याहाळून म्हणाला, "आमच्या आज्यापंज्यानं बैलांच्या पाठीवर मीठ घालून मुलूख पालथा घातला. पर येवढं हळू आमच्या कुळात कुणी गेलं न्हाई." मी दाजींना म्हटलं, "असं करत गेलो तर आबांचा नंबर कधी लागायचा?" ते म्हणाले, "यांचा बी कुंदा आबांच्या कुंद्यासारखाच हाय, गुरुजी. त्याला बी कुणीतरी उद्या म्हणलं असंल."

असं करत वैशाख सरत आला तेव्हा एका सकाळी आम्ही खालच्या वावराच्या बांधावर पोचलो. सगळं गाव जमलेलं. अक्का आरतीचं ताट घेऊन उभी. आबांना बाजेसकट आणून बांधावरच्या लिंबाखाली बसवलेलं. दाजींनी नांगर खाली सोडायला हात घातला, तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाला, "आज अवस हाय नव्हं?"

ज्या माणसानं जन्मात कुणाचं ऐकून पाना खाली ठेवला नव्हता, त्यानं एकदा आबांकडं बघितलं आणि हात लांब करून इंजिन बंद केलं. मी घाबरलो. ते लेकरू पुन्हा रडेल की नाही, याचा भरवसा खुद्द दाजींना नव्हता. अक्का माझ्या कानात म्हणाली, "मला पहाटपासून ठाऊक होतं. म्हटलं, कुणी बोललं न्हाई तर निभंल."

आबा म्हणाले, "बंद काहून केलं?"

"अवस हाय, आबा."

"अवस मला काय सांगतूस. मला न्या त्याच्यापशी."

दाजींनी हाताला धरून त्यांना नेलं. आबांनी आधी पट्टा चाचपला, एकेक कडी. मग हात वर नेला, गरम पत्र्यावरून सरकवत पुढं आले, इंजिनाचं तोंड दोन्ही हातांत घेतलं, डावीकडं चाचपलं, उजवीकडं चाचपलं, बाजारात बैल बघावा तसं.

"शिंगं तर न्हाईत," आबा म्हणाले. मग आवाज उतरवून, दाजींना आणि शेजारी उभ्या मलाच ऐकू जाईल असं, "तवा मी जवळ जाऊन बघितलंच न्हाई रं." आणि पुन्हा मोठ्यानं, "लाव."

लेकरानं खूप तकलीफ दिली. दोरी ओढून दाजींचे हात सोलले, मग गावातल्या गड्यांनी पाळीपाळीनं ओढली, एकदा मीही ओढली आणि मागं पडलो, त्यानं वातावरण जरा हलकं झालं. ऊन कलेपर्यंत कुणी जेवायला घरी गेलं नाही. अखेर ते रडलं. नांगर खाली गेला आणि काळी माती लाटेसारखी उलटी पडली, आतून कुंद्याची मुळं पांढऱ्या दोऱ्यांसारखी लोंबत वर आली. आबांनी एक मूळ मागून घेतलं, हातानं टोकापर्यंत मापलं. "येवढं खोल व्हय," एवढंच म्हणाले आणि ते मूळ गुंडाळून बंडीच्या खिशात घातलं. संध्याकाळी ओसरीवर बसल्यावर मात्र त्यांनी दाजींना बजावलं, "आज चाललं ते चाललं. इथून फुडं अवसेला सुट्टी देत जा त्याला. शिंगं न्हाईत म्हणून काय झालं, दमतो तर बराबर."

त्यानंतर तीन-चार वर्षांनी आबा गेले. पुढं रबरी चाकांचे मोठे ट्रॅक्टर खोल नांगर घेऊन गावोगाव फिरायला लागले, पट्ट्याच्या कड्या मिळेनात, आणि चेनवाला गोठ्याशेजारी लिंबाखाली उभा राहिला तो राहिलाच. त्याच्या सीटखाली अक्काच्या कोंबड्या अंडी घालतात. गाव त्या तुकड्याला अजून अवसेचं वावरच म्हणतं, पण आता तिथली हळद बघून म्हणतं.

मागच्या उन्हाळ्यात गेलो, तर दाजी लिंबाखाली ट्रॅक्टरसमोर बसलेले. डोक्याचे केस पांढरे, खिशात ऑइलचं फडकं, पाने शेजारी रांगेत मांडलेले, पण हात मांडीवर. इतकी वर्षं एक ढेकूळही न हलवलेल्या त्या लोखंडाकडं बघून मी म्हटलं, "काय दाजी, आज काम बंद?"

"अवस हाय, गुरुजी," ते म्हणाले. "आज सुट्टी हाय त्याला."

मी पाना धरायला सवयीनं पुढं केलेला हात मागं घेतला आणि त्यांच्या शेजारी बसलो.