खंडूची गाणी मागायला आलेली गोदा

परवा विद्यानगरला पणतीच्या बारशात सगळ्यांनी आग्रह धरला, "आजी, एखादं जुनं गाणं म्हणा ना." मी दोन ओळी म्हटल्या आणि थांबले. पुढचं येत नव्हतं... पुढचं आता कुणालाच येत नाही, हे त्या पोरींना कसं सांगायचं?

म्हणून आज सांगते. नात टाइप करतेय. तिला मराठी लिहायला जरा जड जातं, तेव्हा चुका सांभाळून घ्या.

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. मी शाळेत जायची. आमचे दादा, म्हणजे वडील, वकील. घर बरकतपुऱ्यात. तेव्हा हैदराबादेतल्या मराठी घरात लग्न ठरलं की आचाऱ्याच्याही आधी खंडूला निरोप जायचा.

खंडू गोंधळ्यांच्या घरातला. तिशीही गाठली नव्हती. काटकुळा, पानानं ओठ लाल. देवीची गाणी म्हणायचाच, पण लोक वाट बघायचे ती त्यानं स्वतः रचलेल्या गाण्यांची.

आल्यावर बराच वेळ कोपऱ्यात गप्प बसून राहायचा. कोण रुसलंय, कोण डोळे पुसतंय, सगळं बघायचा... आणि मग ते गाण्यात यायचं. मधेच दख्खनी, मधेच तेलुगू. शेजारचे मुन्शीजी भिंतीपलीकडून ओरडायचे, "खंडू, एक बार और बोलो जी!"

त्याच्या मागं तुणतुणं घेऊन त्याची बायको उभी असायची, गोदा. ती झील धरायची, म्हणजे त्याची ओळ संपली की पालुपद उचलायची. बाईमाणूस झील धरतं म्हणून लोक नावं ठेवत. त्या दोघांना त्याचं काही नव्हतं.

आमच्या अक्काला नांदेडला दिली. पाठवणीच्या वेळी आई न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडत होती, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. खंडूनं तेही हेरलं होतं. आई बाहेर आली आणि त्यानं सूर लावला...

लेक चालली नांदेडा, बाई, नळ तेवढा सोडा
कुणी पुसलं तर सांगा, भिजला पदर थोडा

मागून गोदाची झील, "जाऊ द्या हो, जाऊ द्या." आई रडता रडता हसली. दादा कधी कुणासमोर रडले नव्हते, ते उपरणं तोंडाशी धरून अंगणात गेले. गाणं पुढं बरंच मोठं होतं. किती मोठं, तेही आता आठवत नाही.

त्याच वर्षी काचीगुड्याला त्यांच्या गल्लीत विषमज्वराची साथ आली. खंडू बघता बघता गेला. आम्हाला दूधवाल्याकडून कळलं. दादा त्या दिवशी न जेवता कोर्टात गेले. संध्याकाळी मुन्शीजी आले, ओसरीवर थोडा वेळ बसले आणि उठून गेले.

काही महिन्यांनी एका दुपारी गोदा दारात आली. ओळखू येत नव्हती. काखेत तुणतुणं होतं. आई लगबगीनं सुपात ज्वारी घेऊन आली.

"धान्य नको, माय," गोदा म्हणाली. "त्यांची गाणी द्या."

आईला कळेना. तेव्हा ती उंबऱ्याशी बसली आणि म्हणाली, "त्यांना लिहिता येत नव्हतं, मला बी नाही. माझा कान सगळा झिलेवर. ओळी ते म्हणणारच हायेत, मला कशाला पाहिजेत, असं वाटायचं... आता झील तेवढी राहिली माझ्याकडं."

ते दोघं गायले होते त्या प्रत्येक घरी ती जाऊन आली होती. "लुगडं देतात, शिधा देतात. आठवण काढून रडतात बी. गाणं कुणी देत नाही, माय."

आई आणि आमची काकू तिच्याजवळ बसल्या. आईनं त्या दोन ओळी म्हटल्या. गोदानं डोळे मिटले, तुणतुणं छेडलं आणि झील उचलली... जशीच्या तशी, अगदी वेळेवर. मग ती पुढच्या ओळीसाठी थांबली.

तुणतुणं वाजत राहिलं. गोदानं डोळे उघडले आणि एकेकीच्या तोंडाकडं बघत राहिली. माझ्याकडंसुद्धा.

काकूला राहवलं नाही. तिनं काहीतरी जुळवून एक ओळ म्हटली. गोदा हलकेच म्हणाली, "नाही, माय. हे त्यांचं नाही." आणि तुणतुणं थांबवलं.

"अक्का दिवाळीला येतेय," आई म्हणाली. "तिच्यासाठीच रचलेलं ना ते. तिला येत असेल. तू ये."

गोदा "हौ" म्हणाली. ज्वारी न घेताच गेली.

दिवाळीला अक्का आली. आईनं तिला चहासुद्धा घेऊ दिला नाही, आधी गाण्याचं विचारलं. अक्का म्हणाली, "आई, मी रडत होते गं... मला त्यातलं काहीच ऐकू आलं नव्हतं."

गोदा आली नाही. आईनं काचीगुड्याला माणूस पाठवला, तर खोलीला कुलूप. भावाच्या गावी गेली म्हणे. कुठलं गाव, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आम्हाला ती पुन्हा कधी दिसली नाही.

त्याचा फोटो नाही. रेकॉर्ड नाही. ज्यांनी ऐकलं ते एकेक करून गेले, अक्काही गेली. काल नातीनं माझ्याकडून त्या दोन ओळी मोबाइलवर म्हणून घेतल्या. मी ऐकल्या आणि तिला म्हटलं, पुसून टाक... त्यात तो कुठंच नाही.

फार लाडका होता तो आमचा. समोर गायला लागला की इतकं भरून यायचं... हे जपून ठेवायला हवं, असं एकाच्याही मनात आलं नाही.