साडेतीन तोफा

होटगी रोडला चन्नवीर सरांच्या माडीवर ‘संरक्षण उद्योग व शस्त्रव्यापार अभ्यास केंद्र’ आहे. पाटी जिन्यापेक्षा रुंद. कोणता देश कोणाला किती तोफा विकतो याचा अभ्यास सोलापुरात बसून कशाला, असं विचारणाऱ्याला सर चहा पाजतात आणि दोन तास सोडत नाहीत. केंद्रात माणसं दोनच. राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सर, आणि महानंदाबाई.

बाई अक्कलकोटकडच्या. बावीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या. कारखाना बंद पडल्यावर सरांनी त्यांना कात्रणं कापायला ठेवलं. त्यांची कात्री सरळ चालते आणि जीभ त्याहून सरळ. ‘ही माणसं तोफा बी विकत्यात आन् शांततेच्या परिषदा बी भरवत्यात. लई हुशार हायत की, सर,’ असं त्या कात्रण चिकटवता चिकटवता म्हणतात.

यंदा सरांनी वर्षाचा तक्ता प्रथमच बाईंवर सोपवला. अहवालाच्या पहिल्या पानावर ‘संशोधन साहाय्य: महानंदा बिराजदार’ असं छापायचंही ठरलं. सातवीत शाळा सुटलेल्या बाईचं नाव पुस्तकात येणार, म्हणून त्यांनी अख्ख्या भावकीत फोन फिरवले.

अहवाल माझ्या छापखान्यात आला. तक्ता बघून सर हरखून गेले होते. जगाची शस्त्रखरेदी धाडकन खाली आली होती, आणि सरांनी त्यावर ‘शांततेची चाहूल’ नावाचं वीस पानी प्रकरण लिहिलं होतं. बाई मुद्रितं तपासायला आल्या तेव्हा मी सहज विचारलं, ‘बाई, ह्या देशानं साडेतीन तोफा घेतल्या म्हणं. अर्धी तोफ कुटनं आणली?’

‘खाली लिवलंय की सरांनी.’

खाली खरंच तळटीप होती. अर्धी तोफ म्हणजे संयुक्त उत्पादन, निम्मी देशात बनलेली, निम्मी परदेशात. शिकलेला माणूस अडला की तळटीप घालतो, हे मी तीस वर्षं बघत आलोय.

बाईंनी ती टीप दोनदा वाचली आणि मटकन स्टुलावर बसल्या. ‘मी समदं डझनात लिवलं,’ म्हणाल्या.

टॉवेल डझनावर जातात. बेचाळीस नग दिसले की बाईंचा हात आपसूक साडेतीन लिहितो.

‘ऱ्हाऊ द्या की,’ मी म्हणालो. ‘टीप हायच. अहवाल वाचतंय कोन?’ त्यांचं नाव जायला नको होतं मला, खरं सांगतो. बाईंनी पहिल्या पानावरून एकदा बोट फिरवलं, मुद्रितं उचलली आणि रिक्षा थांबवली. माझ्याच्यानं राहवलं नाही, मीही बसलो.

सरांपुढे त्या उभ्याच राहिल्या. ‘सर, समदं बारानं गुना. चूक माजी हाय. माजं नाव काडा.’

सर गुणायला बसले. तिसऱ्या ओळीपर्यंतच आकडा मागल्या वर्षीच्या वर गेला. त्यांनी पेन ठेवलं, चष्मा काढला. मला त्यांच्याकडे बघवेना.

‘नाव राहील,’ ते म्हणाले. ‘तुम्ही निदान वाचलंत तरी. तीस वर्षं हा आकडा खाली यायची वाट बघतोय मी, बाई. आला, तेव्हा तपासावासाच वाटला नाही.’