दोन शिंगं

कोपरीच्या खाडीत एक वळण होतं. तिथे दोन्ही काठांची तिवरं इतकी आत आलेली की एका वेळी एकच होडी निघे, आणि पलीकडून कोण येतंय ते दिसत नसे. म्हणून वळणावरच्या माचाणावर मोरू तांडेल बसायचा. पाणी मोकळं असलं की तो बांबूला बांधलेलं तांबडं फडकं वर करी. ते दोन्हीकडून दिसे. मग ज्याचं शिंग आधी वाजेल त्याने आत शिरायचं, दुसऱ्याने ते ऐकून थांबायचं. आगगाडी सुरू होऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, पण खाडीचं काम असंच चाले.

चंद्रभागा ही मोरूची सून. चंदू तिचा नवरा. त्या सकाळी ती गुडघाभर चिखलात कालवं काढत होती. वर फडकं उठलं. जवळच शिंग वाजलं. ते चंदूचं होतं. टोकाला चिरलेलं, शेवटी घरघरणारं. तिने मान वर केली नाही. रोजचंच होतं ते. मग लाकडावर लाकूड आदळल्याचा आवाज आला, आणि नंतर माणसं ओरडली.

मिठाने भरलेला तानाजीचा मचवा कल्याणकडे निघाला होता. चंदूची होडी त्याच्याखाली गेली. चंदू दुसऱ्या दिवशी तिवरांत सापडला.

चंद्रभागा रडली नाही. आलेल्या बायकांना तिने पाणी दिलं, चूल सारवली, जाळं झटकून वाळत घातलं. हात आपले आपण चालत होते. तिला आपण काचेपलीकडून बघतोय असं वाटायचं, आणि तेही फार वाटायचं नाही.

कोळीवाड्यात मात्र बोलणं सुरू झालं होतं. मोरूने पाटलाला सांगितलं होतं, "मना एकच शिंग आयकू आला. तानाजीचा."

म्हणजे चंदू न फुंकताच शिरला. ते सगळ्यांना पटलं. तानाजीची आई हौसाबाई मासळी निवडता निवडता म्हणाली, "घाईचाच होता पोर. लग्नातपण नवरी यायच्या आधी पंगतीला बसला होता."

बायका हसल्या, मग चंद्रभागा दिसली तशा गप्प झाल्या. ती टोपली उचलून घरी आली. जेवताना तिने सासऱ्याला विचारलं, "मामा, तुमी दुसरा शिंग आयकलाच नाय?"

"नाय गो."

"मी आयकला. आमच्या घरच्याचा."

मोरूचा घास हातातच राहिला. "मग तानाजीचा?"

"तो मना नाय आयकू आला. मनापण एकच आयकू आला."

मोरूने ताट बाजूला सारलं. तिला भांडायचं नव्हतं. चंदू परत येणार नाही हे तिला कळत होतं. पण आपल्या लहानग्या पोरीने मोठी झाल्यावर बाप घाईने मेला असं ऐकावं, एवढं तिला नको होतं.

पाटलाच्या अंगणात बाईने बोलायची रीत नव्हती. ती दारात उभी राहून सासऱ्याच्या पाठीला बोलली आणि मोरूने ते मोठ्याने सांगितलं. तानाजी चिडला. "म्हणजे मी खोटा बोलतो?"

"खोटा कोण म्हणतो रं," मोरू म्हणाला. "माझ्या सुनेचा म्हणणा हाय, तूपण फुंकलास. दोघांनी एकदमच फुंकला."

"एकदम फुंकला तर मना आयकू आला नसता?"

"फुंकताना तुला काय आयकू येतो? तुझाच शिंग."

पाटलाने तानाजीला मचव्यावर पाठवलं, आणि चंदूच्या भावकीतल्या एकाला वळणापलीकडे. चंदूचं शिंग होडीबरोबर बुडालं होतं, म्हणून दुसरं आणलं. फडकं दिसलं की फुंकायचं, एवढंच दोघांना सांगितलं. मोरूला माचाणावर चढवून डोळे मिटायला लावले. खाली चंद्रभागा पदर डोक्यावर घेऊन उभी होती. पाटलाच्या माणसाने फडकं वर केलं. शिंग वाजलं. ते मोठं होतं, नेहमीपेक्षा मोठं, पण एकच.

मोरूने डोळे न उघडता एक बोट वर केलं.

तानाजी काठाला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "पलीकडच्याने फुंकला का?" त्याने विचारलं. "फुंकला असेल तर मना नाय कळला."

पाटील म्हणाला, त्या दिवशीही दोघांनी एकदमच फुंकलं, कोणाचाच दोष नाही. हौसाबाईने चंद्रभागेच्या टोपलीत चार बोंबील टाकले आणि निघून गेली. चंद्रभागेला हलकं वाटायला हवं होतं. घरी जाताना तिने आपल्याला हलकं वाटतंय का ते तपासून पाहिलं. तसं काही नव्हतं. आता कोणावर रागवायचं तेही उरलं नव्हतं.

मोरू त्यानंतर माचाणावर चढला नाही. एकच शिंग ऐकून आपण किती वर्षं माणसं आत सोडली, एवढंच तो कधीकधी म्हणे. चार दिवस कोणीच नव्हतं तेव्हा होड्या अडल्या. मग चंद्रभागा कासोटा घट्ट करून वर चढली. कोणी तिला बस म्हटलं नव्हतं, कोणी उतर म्हटलं नाही.

तिने फडकं वर केलं. शिंग वाजलं. तिने फडकं खाली घेतलं.

"काय गो, काय झाला?" खालून होडीवरचा तांडेल ओरडला.

"आता तू गप ऱ्हा. एका आवाजात दोघं असतील. पलीकडच्याला फुंकू दे."

तिने वळणापलीकडे फुंकायला हाक दिली. तिकडून शिंग आलं नाही. ती थांबली, पुरेशी थांबली, मग म्हणाली, "आता तू. परत फुंक."

"येडी झालीस का? आताच तर फुंकला!"

"परत फुंक रं."

तो शिव्या घालत फुंकला. तिने फडकं वर केलं. होडी वळणातून पार होईपर्यंत तिने ते तसंच धरून ठेवलं, आणि हात भरून आला तरी तिला तो आपला वाटला नाही.