फालेसीने चोरलेली सीट

आमच्या गावची फालेसी चोर आहे, असं परदेशी सायकलवाल्यांमध्ये बोललं जातं. खोटं नाही ते. पण चोरी कसली, तेही ऐकून घ्या.

फालेसी रस्त्याकडेला मंदासी तळते. पिठाचे गोड गोळे, वरून करपट, आतून मऊ, तिच्यासारखेच. नवरा खाणीवर गेला तो तिकडचाच झाला. तेव्हापासून ती कढईमागे बसून येणारा-जाणारा न्याहाळते. गावाच्या पुढे राखीव जंगल लागतं. दिवस कलला की हत्ती तिथला रस्ता ओलांडतात, म्हणून आमच्यापैकी कुणी संध्याकाळी तिकडे फिरकत नाही.

आमच्यात एक खोड आहे. पाहुण्याला वाईट बातमी द्यायची नाही. त्याने विचारलं, रस्ता बरा आहे ना, की बराच आहे म्हणायचं. गाव जवळ आहे ना? हे काय, इथंच. दमलेल्या माणसाचं मन कशाला मोडा?

त्या दिवशी ऊन उतरताना हाना नावाची गोरी मुलगी सायकलवरून आली. आमची भाषा तोडकीमोडकी बोलायची. शिंप्याला विचारलं, पुढे रस्ता कसा? छान, म्हणाला. कोंबडीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, छानच. मुलगी खूश. माणसं असतात तिथं धोका असतो, असा तिचा नियम. म्हणून ती रानात एकटीच लपून तंबू ठोकायची. आमच्याकडे रानात लपून झोपतो तो एक तर चोर, नाहीतर चेटक्या.

फालेसी तिला म्हणाली, मुखियाच्या अंगणात जागा माग. तिथं झोपलेल्या पाहुण्याच्या केसाला धक्का लागला तर अख्ख्या गावाची मान खाली जाते. मुलगी नुसती हसली. तिला वाटलं, बाईला उरलेल्या मंदासी खपवायच्या आहेत. ती हापशावर पाणी भरायला गेली.

परत येऊन बघते तर सायकल आहे, सामान आहे, सीट नाही. सीटच्या जागी नुसतं भोक. आणि इकडे पन्नाशीतली फालेसी कमरेच्या कापडाखाली एकाएकी गर्भार.

"तू चोर आहेस," मुलगी म्हणाली.

"आहे ना. तक्रार मुखियाकडे करतात. चल, घर दाखवते."

आता मुखियाकडे तक्रार म्हणजे आधी चटईवर बसायचं. मग त्यांनी तिच्या आईची तब्येत विचारली, बापाची विचारली, मामांची, शेळ्यांची. शेळ्या नाहीत म्हटल्यावर हळहळले. तेवढ्यात सूर्य बुडाला. मग त्यांची नजर फालेसीच्या पोटावर गेली.

"कितवा महिना?"

"आजच दिवस गेलेत, बाबा. सकाळी होईन मोकळी."

मुखियांनी हसू मिशीत दाबलं आणि न्याय दिला. चोरीला दंड एक कोंबडी, फिर्यादीला शिजवून घालायची. कोंबडी अर्थात फालेसीची. मुलीने रस्सा बोटं चाटून खाल्ला, पण डोळे चोरावरून हलवले नाहीत.

आणि हत्ती? ते त्या रात्री जंगलात नव्हतेच. ते आले गावात, थेट फालेसीच्या भोपळ्यांवर. सगळं गाव पातेली बडवत होतं आणि हाना तिच्या सायकलची घंटी वाजवत होती.

हत्ती रोज संध्याकाळी पुढचा रस्ता ओलांडतात, हे त्या गडबडीत तिला कुणीतरी सांगून टाकलं. सकाळी ती तुडवलेल्या वेलांपाशी उभी राहिली.

"म्हणजे रस्ता मोकळा होता. मी गेले असते तर सुखरूप पोचले असते."

फालेसी सीट बसवत होती. "पोचली असतीस की. पण कोंबडी कुठली मिळाली असती?"

मुलीला इतकं हसू आलं की ती मातीतच बसली. निघताना तिने रस्ता कसा आहे ते विचारलं नाही. पुढच्या गावात मुखियाचं घर कुठलं, तेवढं विचारून घेतलं.

तिने तिच्या लोकांना काय सांगितलं कोण जाणे. हल्ली जो सायकलवाला येतो तो सीट उपसून काखेत धरतो आणि आधी मुखियाचं घर विचारतो. फालेसीला याचा राग येतो. आता चोरायचं तरी काय, म्हणते. परवा एकाच्या पुढच्या चाकाकडे बराच वेळ बघत होती.