आत जाणाऱ्या हवेचं तापमान

खारघरला राहायला गेलो तेव्हा आमच्या इमारतीत संध्याकाळी दिवा लागणारी घरं अगदी मोजकी होती. नव्वदचं दशक सरत आलं होतं. रस्ते रुंद, दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत, आणि वारा फिरला की तळोज्याच्या कारखान्यांचा वास थेट स्वयंपाकघरात. आई गेल्यावर मी आणि धाकट्या भावाने मिळून तो फ्लॅट घेतला होता. मी तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशनला, म्हणजे मोजमापाच्या यंत्रांवर होतो, तो रबाळ्याला एका गॅरेजात. वर्षभरात त्याला मस्कतला नोकरी लागली. तो गेला आणि मागे राहिलो मी आणि त्याची गाडी.

गाडी दिसायला साधी, जुनी, छोटी. पण आत त्याने एका मोडीत निघालेल्या परदेशी गाडीचं इंजेक्शनवालं इंजिन बसवलं होतं. कार्ब्युरेटर नाही, सगळं सेन्सर आणि कॉम्प्युटरवर. सहा महिने त्याचे सगळे रविवार त्यात गेले होते. मी शेजारी स्टूल टाकून पेपर वाचत बसायचो, तो गाडीखालून पाना मागायचा. आमचं बोलणं एवढंच. पण तो गेल्यावर रविवारचं काय करायचं ते मला कळेना.

गाडी मी कामावर न्यायला लागलो. सकाळी ती झकास चालायची. पण दुपारी कुठे रेल्वे फाटकापाशी पाच-दहा मिनिटं थांबावं लागलं, की पुन्हा निघताना गचके खायची, कधी बंदच पडायची. मागचे हॉर्न वाजवायचे. मी घामाने निथळत चावी फिरवत राहायचो.

एका रविवारी बॉनेट उघडून नीट पाहिलं. इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर भावाने तात्पुरता रेडिएटरमागे प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधून ठेवला होता. त्या परदेशी गाडीचा एअर फिल्टरचा डबा इथे मावला नव्हता, म्हणून सेन्सरला जागाच उरली नव्हती. 'नंतर बसवू' म्हणाला असणार. गाडी उभी राहिली की बॉनेटखालची तापलेली हवा त्याला लागायची. कॉम्प्युटरला वाटायचं, आत येणारी हवाच तापलेली आहे, म्हणजे विरळ आहे. तो पेट्रोल कमी करायचा. खरी हवा मात्र पुढच्या पाइपातून थंडच येत होती. इंजिन उपाशी राहायचं.

कारण सापडल्यावर मला फार आनंद झाला, आणि तो सांगायला घरात कुणी नव्हतं. एसटीडी बूथवर जाऊन मस्कतला फोन लावला.

"दादा, तू अजून त्या गाडीत अडकलायस?" भाऊ म्हणाला. "विकून टाक ना."

"अरे, एवढं केलंस तू तिच्यावर."

"केलं तेव्हा केलं. इथे सगळ्या नव्या गाड्या, एसी लावायचा आणि जायचं. तू जेवतोस ना वेळेवर?"

"जेवतो," म्हणालो आणि फोन ठेवला.

विकायची नाही हे बूथवरून परतताना ठरलं. आधी सेन्सर चांगला आहे की नाही ते बघायचं होतं. गरम पाण्यात आणि बर्फात बुडवून मीटर लावला की कळतं. गरम पाणी होतं, फ्रिज नव्हता. वरच्या मजल्यावर एक काकू राहतात एवढं माहीत होतं. जिन्यात कधीतरी दिसायच्या, तेवढीच ओळख. बेल वाजवली.

"बरफ?" काकू दारातच म्हणाल्या. "ताप आलाय का तुमास्नी?"

"नाही काकू, गाडीचं काम आहे."

"गाडीला ताप आलाय व्हय? थांबा."

पातेलंभर बर्फ घेऊन त्या स्वतःच खाली आल्या, आणि मी मीटर लावून बसलो तर परत जाईनात. साताऱ्याकडच्या. मुलाने फ्लॅट घेतला, पण नातवंडांची शाळा वाशीला, म्हणून तो तिकडेच राहत होता. "घर बंद राहू नये, सांजच्याला दिवा लागावा, म्हून मला ठिवलंय हितं," त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती आवाजात. पण मीटरचा काटा हलताना मी जे जे सांगत गेलो ते त्या इतक्या मन लावून ऐकत होत्या, की शेवटी मीच ओशाळलो. गरम पाण्यात सेन्सरचा रेझिस्टन्स उतरला, बर्फात चढला. तसंच व्हायला हवं होतं; सेन्सर चांगला होता.

सेन्सर हवेच्या वाटेतच बसवायचा म्हणून फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारा ॲल्युमिनियमचा पाइप मी सोडवून कंपनीत नेला. जागेवरच भोक पाडलं तर धातूचा बुरा इंजिनात जाईल ही भीती. आमच्या वेल्डरने भोकावर सेन्सर पिळून बसवता येईल अशी आट्यांची छोटी नळी जोडून दिली. पुढच्या रविवारी पाइप आतून पुसून पुसून बसवला, सेन्सर असा घट्ट केला की टोक बरोबर वाहत्या हवेत राहील, पाइपाच्या भिंतीला टेकणार नाही. वायर लांबवून जोडाला डाग दिला, वर इन्सुलेशनची नळी चढवली.

आता इंजिन चांगलं तापवून, मी बॉनेटपाशी वाकलेलो असताना कुणीतरी ॲक्सिलरेटर दाबायला हवं होतं. पुन्हा काकूंकडे गेलो.

"म्या? आवं, म्या एस्टीत बी खिडकीकडं बसत न्हाय," म्हणत त्या आल्या, आणि पदर खोचून स्टिअरिंगमागे बसल्या.

"गियर काढलाय, हँडब्रेक ओढलाय. गाडी हलणार नाही. हळू दाबा."

"दाबू?"

"दाबा."

इंजिन गरजलं. काकूंनी पाय झटकन काढला आणि तोंडावर हात ठेवून हसत सुटल्या. मग मी हात करेन तेव्हा दाबत राहिल्या. रेडिएटरचा पंखा सुरू झाला, बॉनेटचा पत्रा हात लावता येईना इतका तापला, तरी एकदाही गचका बसला नाही. काकू खिडकीतून डोकावत म्हणाल्या, "झालं न्हवं बरं?"

त्या दिवशी मी त्यांना पनवेलपर्यंत फिरवून आणलं. वाटेत त्या काच खाली करून बाहेर बघत राहिल्या. परत आल्यावर म्हणाल्या, "पोराला सांगते, म्या गाडी चालू केली."

त्या वर्षीच्या मे महिन्यात त्यांच्या मुलाने फ्लॅट भाड्याने दिला आणि त्यांना वाशीला नेलं. त्या गेल्या तेव्हा मी कामावर होतो. परत आलो तर वर कुलूप होतं.

भाऊ दोन वर्षांनी सुट्टीवर आला. गाडी घेऊन एक चक्कर मारून आला, चावी टेबलावर टाकली आणि म्हणाला, "मस्त चालतेय." मी वाट बघत होतो, तो खाली जाऊन बॉनेट उघडेल, सेन्सर कुठे बसवलाय ते बघेल म्हणून. तो टीव्ही लावून बसला. मग मी पोळ्या लाटायला घेतल्या.