रविवारची बस

१९८४ साल. माझं वय छप्पन्न. बहारीनला, मनामा शहराच्या हूरा भागातल्या एका हॉटेलच्या लाँड्रीत मी चौदा वर्षं काढली होती. माझ्या इस्त्रीला नाव ठेवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, हे मी आजही छाती पुढे काढून सांगेन. पण शाळा म्हणाल तर वसईला चौथीपर्यंत. इंग्रजी आकडे ओळखायचो, अक्षरं जुळवता येत नव्हती. ही गोष्ट माझ्या बायकोशिवाय बहारीनमध्ये कुणालाही ठाऊक नव्हती.

बायको मोनिका. ती एका दवाखान्यात आया होती. आदल्या वर्षी तिचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं. देवाच्या दयेने वाचली, पण त्यानंतर गप्प गप्प राहू लागली. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीत एसीची घरघर. माहेरची केळीची वाडी आठवून डोळे पुसायची. त्या वर्षी आमच्या देवळातून रोमची यात्रा निघाली. चर्चला आम्ही वसईकर देऊळच म्हणतो. सुट्टी साठवून ठेवलेली होती, आम्ही नाव दिलं. तेव्हा तिने एकच मागणं मागितलं. "मोठमोठी देवळं तुम्ही बघा. मला एक दिवस तिथल्या खेड्यात न्या. शेतं असतील, लहानसं देऊळ असेल, आवाज नसेल. तिथे बसून मला मारियामातेचे आभार मानायचेत." मी म्हटलं, "नेतो." पुढचामागचा विचार केला नाही.

यात्रेतले शेवटचे शनिवार-रविवार मोकळे होते, सोमवारी सकाळी परतीचं विमान. फादरांनी रोमपासून दोन तासांवरचं डोंगरातलं एक गाव सुचवलं आणि तिकडच्या बसच्या वेळापत्रकाचा कागद माझ्या हातात ठेवला. "वाचता येईल ना?" "न यायला काय झालं, फादर?" मी म्हणालो, आणि तिथेच अडकलो.

कागदावर दोन रकाने होते. पहिला आकड्यांनी गच्च भरलेला. दुसऱ्यात दोन-तीनच आकडे आणि वर क्रूस काढलेला. क्रूस म्हणजे मिस्साचा, देवळातल्या सामुदायिक प्रार्थनेचा दिवस, एवढं मी ओळखलं. पण बहारीनमध्ये सुट्टी शुक्रवारी, म्हणून आमचा मोठा मिस्साही शुक्रवारी. रविवारी सकाळी सहाला ड्युटी. चौदा वर्षांत हे इतकं अंगात मुरलं होतं, की मिस्साचा दिवस म्हटल्यावर माझ्या डोक्यात शुक्रवारच आला. मी ठरवून टाकलं, शनिवारी मोनिकाने आराम करावा आणि रविवारी निघावं. रविवार कामाचा दिवस, बसच बस!

मोनिका म्हणाली, "अहो, कुणाला तरी दाखवा तो कागद."

"मला आकडे कळत नाहीत काय?"

"आकडे कळतात हो. पण तुमच्या नाकासाठी विमानात वेगळी सीट मागावी लागेल."

मी रागावून कागद लाँड्रीत नेला आणि इस्त्रीच्या टेबलासमोर चिमट्याने लटकवला. पण मनात किडा वळवळत होता. चार पायऱ्या चढली की हिला धाप लागते. परक्या मुलखात बस चुकली तर? तरी माणसाला विचारायला जीभ वळेना. शेवटी इस्त्री फिरवता फिरवता मी मारियामातेला म्हटलं, "मी कुणाला विचारणार नाही. काही चुकत असेल तर तूच सांग." ती प्रार्थना कसली, दटावणीच होती.

तो गुरुवार होता. दुपारी लिफ्टचं दार उघडलं आणि एक उंच, टकला पाहुणा आमच्या तळघरात उतरला. पाहुणे तिथे कधी येत नसत. चुकीचं बटण दाबलं म्हणून स्वतःशीच हसत होता. परत फिरणार, तोच त्याची नजर कागदावर गेली. "रोमा!" तो ओरडला. गडी इटलीचाच निघाला. "यू गो? व्हेन?"

"संडे," मी ऐटीत म्हणालो.

त्याने कपाळावर हात मारला. "संडे? मॉर्निंग वन बस गो. कम बॅक, मफी! ड्रायव्हर ऑल्सो मम्मा हाऊस, ईटिंग!"

मफी म्हणजे तिकडच्या अरबीत 'नाही', एवढं मला कळत होतं. आजारातून उठलेल्या बाईला घेऊन मी त्या डोंगरात रात्रभर अडकलो असतो, विमानही सुटलं असतं. तो म्हणाला, "सॅटरडे गो. रीड हियर," आणि कागद माझ्यापुढे धरला. नेहमीसारखी मान हलवली असती तरी चाललं असतं. आयुष्यभर तेच केलं होतं. पण तोंडातून निघून गेलं, "सर, नो रीड."

तो हसला नाही. कॉलरवर खुणा करायची आमची पेन्सिल त्याने उचलली आणि जायच्या वेळेपुढे उगवता सूर्य काढला, परतीच्या वेळेपुढे मावळता. माझा खांदा थोपटून लिफ्टमध्ये शिरला. मी त्याचं नावही विचारलं नाही.

पुढे त्या शनिवारी आम्ही गेलो. द्राक्षाचे मांडव, उतारावर शेळ्या, आणि देवळात आमच्याशिवाय कुणी नाही. मोनिका दोन तास बसून होती. बाहेर आली तेव्हा आमच्या वाडीतलं जुनं गाणं गुणगुणत होती. आवाज थोडा बेसूर, पण मला चालला.

त्या पाहुण्याला कुणी पाठवलं, की लिफ्टचं बटणच चुकलं, यावर मी वाद घालत नाही. मला एवढं कळलं, की माता हाक ऐकते, पण मूठ आवळलेल्या हातात काही ठेवता येत नाही. 'नो रीड' हे दोन शब्द बोललो तेव्हा कुठे माझी मूठ उघडली. तिचे उपकार मी विसरणार नाही.

तो पाहुणा भेटला त्याच्या दुसऱ्याच दिवशी शुक्रवार होता. मिस्सा झाल्यावर मी मोनिकाला म्हटलं, "इटलीला अजून महिना आहे, तोवर इथलं खेडं बघू." मनामाच्या स्टँडवर बुदैयाच्या शेतांकडे जाणारी बस उभी होती. मी मोनिकाला सावलीत उभं केलं, ड्रायव्हरपाशी गेलो आणि भर गर्दीत मोठ्याने विचारलं, "भाईसाब, हमको पढना नहीं आता. वापसी की बस कितने बजे है?"