किरणांच्या बाबतीत कंजूष

पैशाच्या बाबतीत कंजूष माणसं आमच्या नगर जिल्ह्यात गल्लोगल्ली भेटतील, पण क्ष-किरणांच्या बाबतीत कंजूष असा गृहस्थ एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. नव्वदीच्या दशकात नगरला सीटी स्कॅनचं मशीन आलं आणि हे डॉक्टर त्याचे राखणदार झाले. मशीनमध्ये निजल्यावर पाठ दुखायची थांबली म्हणून शेवगावचे एक आजोबा पुन्हा शेक घ्यायला आले, तर यांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. फोटो एकदाच काढायचा, पण असा की दुसऱ्यांदा काढावा लागू नये, हा त्यांचा बाणा. त्यासाठी पेशंटला बाकावर बसवून श्वास रोखायची तालीम द्यायचे. ही खोड इतकी मुरली होती की मेव्हण्याच्या लग्नात फोटोग्राफरला थांबवून त्यांनी साऱ्या वऱ्हाडाला श्वास रोखायला लावला. त्या फोटोत सगळे गाल फुगवून उभे आहेत, आणि नवरी रुसल्यासारखी दिसते.

आतली गाठ उजळून दिसावी म्हणून शिरेतून औषध देतात. ते टोचल्याबरोबर किरण सोडायचे नाहीत, यावर साडू जेवता जेवताही बोलत. प्रत्येकाचं रक्त आपल्या चालीनं चालतं म्हणे. म्हणून आधी थोडंसं औषध टोचायचे, अंगात ऊब आली की सांगा म्हणायचे, आणि त्यावरून ती चाल ओळखायचे. मग उरलेलं औषध, आणि मगच किरण.

ही युक्ती अडली ती आमच्या सासूबाईंपाशी. त्यांच्या पोटात गाठ होती. ती साधी की वाईट, हे फोटोवर ठरणार होतं. सासूबाई नेवाशाकडच्या, जुन्या वळणाच्या. जावयासमोर डोईवर पदर, आणि बोलणं काय ते लेकीमार्फत. औषध टोचलं, तरी त्या गप्प. माझ्या बायकोला शेजारी उभं केलं, तर तिच्या कानात सांगेपर्यंत ऊब निघून गेली. अंदाजानं काढा, चुकलं तर पुन्हा काढू, असं मी सुचवलं. साडूंनी ते ऐकलंच नाही. पुन्हा थोडं औषध टोचलं आणि सरळ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"आई, इथं जावई नाहीच असं समजा."

जरा वेळानं मागून आवाज आला, "बापू, लई गरम लागतंय आता."

फोटो पहिल्याच फेरीत आला, आणि इतका स्वच्छ आला की आशेला जागा उरली नाही. साडू फिल्मकडे बघत राहिले. आणखी एकदा काढून बघू या का, असं या वेळी त्यांनीच हळूच विचारलं. पण काढला मात्र नाही.

पुढे सासूबाई होत्या तोवर साडू दर रविवारी नेवाशाला जायचे. त्या पदर सावरून त्यांच्याशी समोरासमोर बोलायच्या, दुखण्याचं, गाईचं, कशाचंही. माझ्याशी मात्र शेवटपर्यंत लेकीमार्फतच बोलल्या. मला त्याचा अजून हेवा वाटतो.